बिअरच्या व्याधी

इ. स. १५५६ मध्ये इंग्लंडातील स्ट्रॅटफर्ड गावाने जॉन शेक्सपिअर नामक, हातमोजे करून विकणाऱ्या एका गृहस्थास नगरव्यवस्थेतील एका लहानशा हुद्द्यावर नेमले. पुढे आठ वर्षांनी जन्मास आलेल्या त्याच्या नाटककार पुत्रामुळे या गृहस्थाचे नाव जगाच्या स्मरणात राहिले. परंतु ज्या कामावर त्याची नेमणूक झाली होती ते कामही स्मरणात राहण्याच्या योग्यतेचे होते, असे मला वाटते. गावात ज्या ज्या घरी एल, म्हणजे बिअरची जुनी इंग्रजी जात, तयार होईल त्या त्या घरी जाऊन ती विक्रीस निघण्यापूर्वी स्वतःच्या जिभेने पारखावी, ती निकोप आहे की नासली आहे याचा निर्णय द्यावा, दर आणि माप निर्बंधाबरहुकूम आहे की नाही हे पाहावे आणि कसूर आढळल्यास संबंधितास न्यायसभेपुढे उभे करावे, असे या एल-परीक्षकाचे कर्तव्य होते. धान्याचे भाव आणि वजनांचा खरेपणा यांवर देखरेख ठेवणारे अंमलदार पुष्कळ राज्यांत होऊन गेले; पण पेयाच्या चवीवर लक्ष ठेवण्यासाठी माणसाच्या जिभेलाच अधिकाराची सनद देणाऱ्या या व्यवस्थेचे मोल काही वेगळेच आहे.

जॉन शेक्सपिअरच्या काळी हा हुद्दा नवा नव्हता. पाव आणि एल यांच्या दरांविषयीचा इंग्लंडातील प्रसिद्ध निर्बंध सामान्यतः १२६६ सालचा मानला जातो आणि त्याच्या अंमलबजावणीबरोबरच गावोगावच्या परीक्षकांचे महत्त्व वाढत गेले. त्या काळी एल करणे हा मोठ्या कारखान्यांचा व्यवसाय नसून बव्हंशी घरच्या बायकांचा जोडधंदा होता. नवी एल तयार झाली की त्यांनी दारावर काठी अथवा झुडपाची फांदी लावायची, ती खूण पाहून परीक्षकाने यायचे आणि त्याने पसंती दिली की मग गिऱ्हाइकांना दार मोकळे व्हायचे, अशी रीत होती. जमीनदारांच्या न्यायसभांची जी दप्तरे आज उपलब्ध आहेत त्यांत निर्बंध मोडून एल विकल्याबद्दल दंड झालेल्या स्त्रियांची नावे वारंवार आढळतात. त्या दप्तरांत अपराधाची नोंद आहे, दंडाची रक्कम आहे. एल कशामुळे बिघडली याचा मात्र उल्लेख नाही, आणि तो असण्याचा संभवही नव्हता. परीक्षकाच्या जिभेला नासलेपण कळत होते, नासण्याचे कारण कळत नव्हते. ते कळू लागण्यास पुढे सहा शतके जावी लागली, आणि बिअरच्या व्याधींचा इतिहास म्हणजे वस्तुतः जिभेच्या निकालाला कारणाची जोड मिळत गेल्याचाच इतिहास होय.

कारण अज्ञात असले तरी उपाय अगदीच अज्ञात नव्हते. सातूला मोड आणून, तो वाळवून, त्याचा गोड काढा किण्वाने आंबवला म्हणजे बिअर होते. पण ज्या काढ्यावर उपकारक किण्व पोसते त्याच काढ्यावर आंबटपणा आणणारे जीवाणूही पोसतात, आणि म्हणून जुनी इंग्रजी एल थोड्याच दिवसांत प्यावी लागे. हॉप्स या वेलीची कडू फुले काढ्यात उकळली असता तो अधिक काळ टिकतो, ही गोष्ट जर्मनीतील हिल्डेगार्ड या मठाधिपती विदुषीने बाराव्या शतकातच नमूद करून ठेवली होती. हॉप्समधील कडू आम्ले आंबवणाऱ्या जीवाणूंपैकी पुष्कळांची वाढ रोखतात, हे आज आपण जाणतो. इंग्लंडात मात्र ही फुले समुद्रापलीकडील सखल प्रदेशांतून पंधराव्या शतकात रूढ झाली, आणि तीही बऱ्याच कुरकुरीनंतर.

याहून लक्षणीय दाखला बव्हेरियाचा आहे. बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, हा तेथील १५१६ सालचा हुकूम सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्यानंतर १५५३ मध्ये निघालेला दुसरा हुकूम मला अधिक शहाणपणाचा वाटतो. सेंट जॉर्जच्या दिवसापासून, म्हणजे २३ एप्रिलपासून, सेंट मायकेलच्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत, बिअर करण्यास या हुकुमाने मनाई केली. उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडते, थंडीत केलेली आणि थंड तळघरांत साठवलेली टिकते, एवढाच अनुभव त्यामागे होता. हवेतून, धुळीतून आणि पिकलेल्या फळांवरून येणारी रानटी किण्वे आणि जीवाणू उबदार महिन्यांत बळावतात हे त्या राज्यकर्त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते; तथापि कित्येक पिढ्यांच्या जिभांनी दिलेली साक्ष ग्राह्य धरून त्यांनी पंचांगावर रेघ ओढली, आणि ती रेघ अचूक पडली. थंडीत सावकाश आंबणाऱ्या लागर बिअरचा उत्कर्ष याच नियमाच्या छायेत झाला.

जेथे असा विवेक नव्हता तेथे बिघाड टाळण्यापेक्षा तो लपवण्याकडे बुद्धी खर्च होऊ लागली. लंडनमध्ये अठराव्या शतकात पोर्टर ही काळसर बिअर अवाढव्य प्रमाणात होऊ लागली आणि घरोघरच्या बायकांची जागा प्रचंड पिंपांच्या मालकांनी घेतली. १८२० मध्ये फ्रेडरिक ॲकम या रसायनज्ञाने अन्नातील भेसळीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या व्यवसायाची अंधारी बाजू उघड झाली. आंबट झालेल्या बिअरचे आम्ल मारण्यासाठी तीत खडू, संगमरवराची पूड किंवा शिंपल्यांची भुकटी घालीत. आणि उलटपक्षी, कोवळ्या बिअरला जुनीचा आव आणण्यासाठी तीत गंधकाम्ल मिसळीत. या यादीत एक वस्तू आपल्या किनाऱ्यावरची आहे: काकमारी. कोकणापासून मलबारापर्यंतच्या रानांत वाढणाऱ्या या वेलीची विषारी फळे आपल्याकडे ओढ्यातले मासे गुंगवण्यासाठी वापरली जात. तीच फळे जहाजांतून लंडनला जाऊन पातळ बिअरला खोटी धुंदी आणण्यासाठी पिंपांत पडत. १८१६ च्या कायद्याने ती बाळगणाऱ्या बिअरवाल्यास २०० पौंड आणि त्याला ती विकणाऱ्या औषधविक्रेत्यास ५०० पौंड दंड ठरवला, यावरून तो रोग किती पसरला असेल याची कल्पना येते. ज्या काळी एक परीक्षक गावातले प्रत्येक पिंप चाखीत असे त्या काळापासून इंग्लंड फार दूर आले होते.

त्याच सुमारास मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील गोऱ्या अंमलदारांसाठी इंग्लंडची फिकी एल जहाजांतून येत होती. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर माल देई; पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी त्यांची मक्तेदारी मोडली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी पिंपे येथील धक्क्यावर उतरत. ही एल हिंदुस्थानासाठी मुद्दाम शोधून काढली ही समजूत खरी नाही. भरपूर हॉप्स घालून वर्ष-वर्ष मुरवायची फिकी बिअर इंग्लंडात आधीपासूनच होत होती. परंतु इतक्या मोठ्या प्रवासात कोणती बिअर तगते आणि कोणती आंबते याची इतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणत्या बाजारात झाली नसेल. जे पिंप आंबट निघे त्याचा तोटा व्यापाऱ्याच्या माथी येई, आणि त्यामुळे ही कला बर्टनमध्ये अधिक काळजीने जोपासली गेली.

आता या इतिहासातील निर्णायक पर्वाकडे वळू. प्रशियाकडून झालेल्या फ्रान्सच्या पराभवाने व्यथित झालेला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर १८७१ मध्ये बिअरच्या अभ्यासाकडे वळला तो राष्ट्राभिमानाने; जर्मनीची बिअर श्रेष्ठ ठरते ही गोष्ट त्याला सलत होती. क्लेरमाँ-फेराँजवळच्या शामालिएर येथील एका लहान ब्रुअरीत प्रयोग आरंभून त्याच वर्षी सप्टेंबरात तो लंडनला गेला, आणि चिझवेल स्ट्रीटवरील व्हिटब्रेडच्या ब्रुअरीत त्याने पोर्टरचे किण्व पाहण्याची इच्छा दर्शवली. त्या थोर कारखान्यात तोपर्यंत सूक्ष्मदर्शक नव्हता. पाश्चरने आपल्या यंत्राखाली किण्वाचा थेंब ठेवला, त्यात किण्वपेशींबरोबर लांबट तंतू दिसले, आणि या पोर्टरमध्ये पुष्कळ उणीव असली पाहिजे असे त्याने व्यवस्थापकांना तेथल्या तेथे सांगितले. त्यांनी ते नाकारले नाही. त्याच सकाळी दुसऱ्या ब्रुअरीकडून नवे किण्व मागवल्याची कबुली त्यांनी दिली. त्याने बिअर चाखली नव्हती, तरी तिचा दोष त्याने डोळ्यांनी ओळखला होता. आठवड्याभराने तो पुन्हा गेला तेव्हा त्या कारखान्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता आणि सर्व किण्व बदलून टाकले होते. वैद्यकाच्या इतिहासात रोग्याने निदान इतक्या तत्परतेने मान्य केल्याची उदाहरणे विरळाच सापडतील.

पाश्चरचा बिअरविषयीचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिघडलेल्या बिअरला त्याने रुग्ण मानले आणि तिच्या प्रत्येक व्याधीमागे एकेक सूक्ष्मजीव असतो, असे चित्रांसह दाखवले: आंबट होणाऱ्या बिअरमागे एक, शिरक्याच्या मार्गाने जाणाऱ्या बिअरमागे दुसरा, तार सुटून तेलासारखी ओघळणाऱ्या बिअरमागे तिसरा. शिळ्या वरणाला तार सुटते हे आपल्या घरातील गृहिणीला जितक्या सहज कळे तितक्याच सहज ते युरोपातील बिअरवाल्यालाही कळत होते. ती तार एका सजीवाची करणी आहे ही गोष्ट मात्र नवी होती. बाटलीबंद बिअर मंद आचेवर तापवून या जीवांचा नायनाट करावा, हा त्याने सुचवलेला उपाय आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

तथापि पाश्चरच्या सिद्धांतात एक मोठी फट राहिली होती. तो जीवाणूंना दोषी धरीत होता आणि किण्वाला निर्दोष मानीत होता. ती फट बुजवण्याचे श्रेय डेन्मार्कच्या एमिल ख्रिस्तियन हान्सनकडे जाते. रिबे गावी जन्मलेल्या, तारुण्यात घरांना रंग देण्याचे काम करून शिकलेल्या या माणसाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असता सिद्ध केले की, जीवाणू मुळीच नसतानाही बिअर रोगी होऊ शकते, कारण तिच्या किण्वातच रानटी जातींची किण्वे मिसळलेली असतात. १८८३ मध्ये खुद्द कार्ल्सबर्गची बिअर कडवट आणि दुर्गंधी होऊ लागली होती. तिच्या किण्वातून हान्सनने एकेक पेशी वेगळी केली, प्रत्येकीची स्वतंत्र संतती वाढवली आणि त्या त्या संततीने बिअर आंबवून पाहिली. तेव्हा एकच जात उत्तम बिअर देणारी निघाली आणि बाकीच्या घातक ठरल्या. कार्ल्सबर्गचा संस्थापक जे. सी. याकोबसेन प्रारंभी साशंक होता. १८४५ मध्ये म्युनिकहून किण्व आणताना वाटेत प्रत्येक थांब्यावर डब्यावर थंड पाणी ओतून ते जिवंत राखणारा हा माणूस ते किण्व सहजासहजी अशुद्ध मानणार नव्हता. पण १२ नोव्हेंबर १८८३ रोजी एकाच पेशीपासून वाढवलेल्या शुद्ध किण्वाने त्याच्या कारखान्यात बिअर होऊ लागली, आणि ती निकोप निघाल्यावर त्याने हे किण्व आणि ही पद्धती गुप्त न ठेवता इतर बिअरवाल्यांनाही मोकळी केली. व्यापारी मनुष्याने आपल्या सर्वांत मोठ्या लाभाचे रहस्य असे वाटून टाकावे, हे औदार्य त्या कारखान्याच्या कोणत्याही पेयापेक्षा मला श्रेष्ठ वाटते.

येथे एक गुंतागुंत उभी राहिली आणि तिने या शास्त्राला नम्रता शिकवली. शुद्ध किण्वाने केलेली बिअर इंग्रज बिअरवाल्यांच्या पसंतीस उतरेना. ती निर्दोष असली तरी वर्षभर मुरलेल्या त्यांच्या जुन्या एलचा तो रुंद, किंचित चामड्यासारखा गंध तीत नव्हता. कार्ल्सबर्गच्याच एन. एच. क्लॉसन याने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की तो गंध ब्रेटानोमायसेस या दुसऱ्या एका किण्वाचा आहे, आणि ज्या किण्वाला लागर करणारे रोग समजतात त्याच्यावाचून इंग्रजांची मुरलेली एल पुरी होत नाही. बेल्जियममध्ये सेन नदीच्या खोऱ्यातील लांबिक बिअर उघड्या हवेतून येणाऱ्या जीवांवर आंबते. बर्लिनची फिकी गव्हाची बिअर दुग्धाम्लामुळेच बर्लिनची ठरते. तेव्हा कोणताही गंध स्वभावतः दोष नसून, जेथे करणाऱ्याने त्याला आमंत्रण दिलेले नाही तेथे तो उपस्थित झाला तर दोष होतो. परीक्षकाला चवीबरोबर करणाऱ्याचा हेतूही ठाऊक असावा लागतो तो याचसाठी.

जिभेची मर्यादा मात्र १९०० साली भीषण रीतीने प्रत्ययास आली. मँचेस्टर आणि आसपासच्या भागांत हातापायांना मुंग्या येऊन ते लुळे पडणाऱ्या, अंग काळवंडणाऱ्या रुग्णांची संख्या एकाएकी वाढली, आणि डॉक्टरांनी प्रथम हा अतिमद्यपानाचाच परिणाम मानला. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या वैद्याच्या लक्षात आले की कडक दारू पिणारे बचावत आहेत, बिअर पिणारे सापडत आहेत. त्याने बिअर तपासली आणि तीत सोमल निघाला. बिअरमध्ये घालावयाची साखर ज्या गंधकाम्लाने बनवली गेली त्या आम्लातून तो आला होता. हजारो लोक आजारी पडले, सुमारे ७० दगावले, आणि लॉर्ड केल्विनच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. त्या बिअरला वास नव्हता, चव बिघडलेली नव्हती. उलट ज्या बिअरची चव बिघडलेली असते ती क्वचितच घातक असते, कारण मद्यार्क, आम्लता आणि हॉप्स यांमुळे माणसाला रोग देणारे जंतू तीत सहसा तग धरीत नाहीत. नासलेली बिअर टाकून द्यावी ती बेचव म्हणून. विषाची भीती असेल तर रसायनज्ञाकडे जावे.

विसाव्या शतकात रसायनशास्त्राने जिभेला शब्दांमागची द्रव्ये पुरवली. लोण्यासारखा स्निग्ध वास आला तर तो डायॲसेटिलचा. किण्व काम संपवण्यापूर्वीच बिअर थंड केली, किंवा पेडिओकॉकस जीवाणू शिरला, किंवा पिंपापासून पेल्यापर्यंतच्या नळ्या अस्वच्छ राहिल्या, असे समजावे. हिरव्या सफरचंदाचा वास ॲसेटाल्डिहाइडचा, म्हणजे बहुधा अपुऱ्या आंबण्याचा. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास डायमिथिल सल्फाइडचा. काढा पुरेसा उकळला नाही की तो राहतो. दवाखान्यासारखा उग्र वास क्लोरिनयुक्त पाण्याकडे किंवा नीट न धुतलेल्या भांड्यांकडे बोट दाखवतो. खवट, जुनाट चीजसारखा वास आला तर हॉप्स जुने झाले होते. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास हा जुनेपणाचा आणि प्राणवायूच्या स्पर्शाचा. त्याला कारण असलेले नोनेनाल १९७० मध्ये ओळखले गेले, आणि ते इतक्या अल्प प्रमाणात जाणवते की यंत्रांच्याही आधी नाक त्याची वर्दी देते. उन्हात ठेवलेल्या बिअरला येणाऱ्या दुर्गंधाचे वर्णन कार्ल लिंटनर याने १८७५ मध्येच केले होते. हॉप्समधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की अमेरिकेतील स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधाशी नाते सांगणारे गंधकयुक्त द्रव्य तयार होते, आणि म्हणूनच तपकिरी काच ही शोभेसाठी नसून रक्षणासाठी असते. १९७९ मध्ये मॉर्टन मेइलगार्ड यांनी या सर्व गंधांची चक्राकार मांडणी करून दिली, आणि निरनिराळ्या देशांतील परीक्षकांना एकमेकांचे म्हणणे प्रथमच नेमके कळू लागले.

आपल्या देशाकडे पाहिले तर खेद वाटतो. कोकणात आणि गोव्यात माडी काढणाऱ्या भंडाऱ्याला मडक्याला आतून चुना लावला तर रस उशिरा आंबतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. सकाळची गोड नीरा दुपारी कशी होते, सायंकाळी कशी होते, आणि पुढे तिचा शिरका कसा करावा, हे ज्ञान त्याच्या हातात आणि नाकात होते. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडाच्या झाडावर कर बसवला, परवाने दिले आणि महसुलाचे आकडे दप्तरी लिहिले; भंडाऱ्याला जे कळत होते ते लिहून ठेवावे, असे कोणाही अंमलदारास वाटले नाही. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हा विषय नीतीच्या कक्षेत नेऊन ठेवला. नीतीचा प्रश्न खरा आहे आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी विसरत नाही. परंतु ज्या वस्तूविषयी समाज केवळ कर आणि निषेध या दोनच दृष्टींनी बोलतो तिच्या गुणदोषांचे ज्ञान त्या समाजात वाढत नाही, आणि निकृष्ट माल विकणाऱ्याचे त्यामुळे फावते.

आता पुण्या-मुंबईत, गोव्यात आणि अन्यत्र लहान ब्रुअरींचे पीक आले आहे. तेथे पेला समोर येईल तेव्हा वाचकाने प्रथम तो नाकाशी धरावा, लोणी, पुठ्ठा, शिरका यांपैकी कशाचा अनाहूत वास येतो का हे पाहावे, आणि आला तर संकोच न करता पेला परत करून नळ्या केव्हा धुतल्या होत्या एवढे विचारावे. दुकानात काचेच्या कपाटाशी उन्हात ठेवलेली हिरवी किंवा पांढरी बाटली घेऊ नये. भरल्याची तारीख वाचावी आणि अलीकडची बाटली घ्यावी. लंडन शहर आजही दरवर्षी जूनमध्ये आपले एल-परीक्षक निवडते. आपल्याकडे असा हुद्दा नाही. तोवर हे काम पिणाऱ्यालाच करावे लागेल.